पेज बंद झालं, आता घरातच सर्व्हर ठेवू का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. जुनी शस्त्रं आणि मोडी कागद यांचं पेज तुम्ही एका मोठ्या समाजमाध्यमावर नऊ वर्षं चालवलंत. ३८ हजार माणसं जोडली गेली. मागच्या महिन्यात दांडपट्ट्याच्या खोबळ्याचा, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीचा, जवळून काढलेला फोटो टाकलात आणि खाली लिहिलंत, ‘खासगी संग्रह, पाहायचा असल्यास संपर्क करा.’ रात्रीत पेज गायब. कारण ‘शस्त्रविक्री’. अपील केलंत, ते चार मिनिटांत फेटाळलं गेलं. आता घरी एक जुना कॉम्प्युटर पडून आहे आणि ब्रॉडबँड आहे. त्यावर स्वतःची साइट चालवली तर पुन्हा कुणी बंद करू शकणार नाही ना, असं तुम्ही विचारताय.

करू शकेल. तरीही स्वतःची साइट कराच. फक्त घरातल्या त्या कॉम्प्युटरवर नको.

मी वीस वर्षं सांगलीत छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो. दोन वाचनालयं, एक मासिक, एक पतसंस्था आणि काही दुकानं. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्याएवढ्या कामाच्या मापाने सांगतोय. तुम्ही वृत्तसंस्था असतात, किंवा एखाद्या मोठ्या माणसाच्या भानगडी उघड करत असतात, तर माझं उत्तर बऱ्याच ठिकाणी बदललं असतं.

आधी तुमचं पेज का गेलं ते बघू. शस्त्र दिसणारा फोटो, ‘खासगी संग्रह’ आणि ‘संपर्क करा’ एवढं एकत्र आलं की तपासणारं यंत्र त्याला जाहिरात समजतं. दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, हे त्या यंत्राला कुणी शिकवलेलं नसतं. अपील चार मिनिटांत निकाली निघालं, तेव्हा तेही बहुधा माणसाने वाचलेलं नाही. तुमच्यावर कुणाचा राग असेल असं मला वाटत नाही. पण राग नसला तरी नऊ वर्षांचं काम गेलं ते गेलंच.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. राज्यघटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं १९(१)(अ) हे कलम मुख्यतः सरकारचे हात बांधतं, कंपनीचे सहसा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. त्यांनी खात्यावर १९३६ सालचा हॅम्बुर्गचा तो गाजलेला फोटो लावला होता. सगळी गर्दी नाझी सलाम ठोकतेय आणि एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे, तो फोटो. चित्र नाझींच्या विरोधातलं, आणि ठपका मात्र द्वेष पसरवण्याचा. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. त्याच दिवसांत चिडलेल्या बऱ्याच भारतीयांनी मास्टोडॉन या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमावर खाती उघडली. अशा माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागली, तिथे तुम्ही-आम्ही काय.

तरी एक दार ठोठावून बघा, कारण ते फुकट आहे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो आणि त्याला मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ॲपमधलं ‘अपील’ बटण वेगळं आणि ही तक्रार वेगळी. उत्तर पटलं नाही तर केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नेमलेल्या अपील समित्यांकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन दाद मागता येते. अर्जात भावनेचं काही लिहू नका. फोटो, तारीख, राज्यशस्त्राचा संदर्भ आणि ‘विक्रीचा हेतू नाही, किंमत कुठेही लिहिलेली नाही’ एवढं पुरे. लॉगिन अजून चालत असेल तर सर्वांत आधी तुमचा डेटा उतरवून घ्या. ते आज रात्रीच करा, अर्ज उद्या लिहिला तरी चालेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. घर भाड्याने घेतलं तरी अकरा महिन्यांचा करार असतो, नोटिशीची मुदत असते, डिपॉझिट असतं. समाजमाध्यमावर यातलं काहीच नाही. म्हणून लोक म्हणतात, स्वतःचं घर बांधा. पण इंटरनेटवर घर बांधलं तरी खालची जमीन, येण्याजाण्याचा रस्ता आणि दारावरची पाटी ही दुसऱ्यांची असते. तुमची साइट वाचकापर्यंत पोचते तेव्हा मध्ये डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकणारा रजिस्ट्रार असतो, ते नाव कुठल्या यंत्राकडे न्यायचं हे सांगणारी डीएनएस सेवा असते, ज्याच्या यंत्रावर साइट आहे तो होस्टिंगवाला असतो आणि वाचकाच्या गावातली इंटरनेट कंपनी असते. यातला कुणीही हात काढून घेऊ शकतो.

विकिलीक्स या गुप्त कागद उघड करणाऱ्या साइटचं उदाहरण जुनं आहे, पण ही साखळी त्याच्याइतकी उघडी दुसरीकडे कुठेच दिसत नाही. नोव्हेंबर २०१० च्या शेवटी अमेरिकी दूतावासांचे अंतर्गत संदेश त्यांनी छापायला सुरुवात केली. डिसेंबर उजाडताच ॲमेझॉनने त्यांना सर्व्हरवरून काढलं. पाठोपाठ डीएनएस देणाऱ्या कंपनीने नाव सोडलं. मग पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसाने देणग्यांचा रस्ता बंद केला. कोर्टाचा निकाल कुठेच नव्हता. पण ते बुडाले नाहीत. स्विस डोमेन घेतलं, सर्व्हर युरोपात हलवला आणि काही दिवसांत हजाराहून जास्त लोकांनी आपापल्या यंत्रांवर त्यांच्या साइटची हुबेहूब प्रत उभी केली. एक जागा गेली की दुसरीकडे तंबू ठोकता आला, कारण मजकूर त्यांच्या स्वतःच्या हातात होता. मला स्वतःच्या होस्टिंगमधला खरा फायदा दिसतो तो हाच. तुम्हाला हलता येतं.

असंच काहीसं आपल्याकडे एका मोठ्या कंपनीबाबतही झालं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांचं कारण होऊन मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. भारतीय कायद्याने कंपनीवर काहीच बंदी नव्हती, पैसेही भरलेले होते. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पूर्ववत झाल्या. तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्यांची ही गत, तर आपण कोण?

मात्र सरकारनेच अडवायचं ठरवलं तर स्वतःचा सर्व्हर फार उपयोगाचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ प्रकाशनसंस्था विकटनची साइट अडवली गेली. कारण होतं पंतप्रधानांवरचं एक व्यंगचित्र. साइट त्यांची, डोमेन त्यांचं, तरी वाचकाला उघडेना. मद्रास उच्च न्यायालयाने मार्चमध्ये ते पान तूर्त उतरवून साइट मोकळी करायला सांगितलं. अशा वेळी एका पानासाठी अख्खी साइट का अडते, हे समजून घेण्यासारखं आहे. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यातली ये-जा कुलूपबंद असते. पाकीट बंद असल्याने इंटरनेट कंपनीला फक्त वरचा पत्ता, म्हणजे डोमेन दिसतं. आत कुठलं पान उघडलं ते दिसत नाही. त्यामुळे तिने अडवायचं म्हटलं तर सगळंच अडतं.

इथे स्वतःच्या साइटचा एक तोटाही आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुलै २००६ आठवा. मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतरचे दिवस. दूरसंचार खात्याने दीडएक डझन पत्त्यांची यादी काढली आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. स्वयंपाकापासून गझलेपर्यंत सगळे ब्लॉग एकदम गेले. इतका आरडाओरडा झाला की थोड्याच दिवसांत ते उघडावं लागलं. गर्दीत असलं की एकाला मारलेला दगड दहा जणांना लागतो आणि दहाही जण ओरडतात. तुमचं एकट्याचं डोमेन अडलं तर पहिले काही दिवस वाचकांना वाटेल, यांची साइट बिघडली असेल.

आता घरच्या कॉम्प्युटरचं. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने तुम्हाला स्वतंत्र पत्ता दिलेलाच नसण्याची शक्यता मोठी आहे. एकाच सार्वजनिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, शेकडो घरं बसवलेली असतात. त्यामुळे तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (बाहेरच्या जोडणीचा पत्ता) १०० पासून सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर समजा तुम्ही त्या चाळीतच राहता. स्टॅटिक आयपी, म्हणजे कायम तोच राहणारा स्वतंत्र पत्ता, वेगळे पैसे देऊन मिळतो. पण मग वीज, पंखा, उन्हाळा, उंदीर ही यादी आहेच. आणि ज्याचे नियम तुम्हाला पाळावे लागतात तो ब्रॉडबँडवाला हा आणखी एक मालक डोक्यावर येतो. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवू नये, असं त्याच्या कराराच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असू शकतं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मासिकाची साइट माझ्या ऑफिसातल्या यंत्रावर होती. यंत्र पहिल्या मजल्यावर, म्हणून मी निर्धास्त. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. यंत्राला पाण्याचा थेंब लागला नाही, पण इन्व्हर्टर आणि लाइनचा डबा तळमजल्यावर होते. कोरडा ठणठणीत सर्व्हर, त्यात वीज नाही, आणि ऑफिसात जायचं तर बोट हवी. मासिक वाचलं ते पुण्यात बहिणीच्या कपाटात ठेवलेल्या एका डिस्कमुळे. भाच्याला फोनवर एकेक आज्ञा अक्षरं फोडून सांगितली, ‘डॅश, मग छोटा आर, मग स्पेस’. भाड्याच्या सर्व्हरवर सगळं चढवलं आणि डोमेन तिकडे वळवलं. चार तास लागले. भाचा त्या वेळी अकरावीत होता आणि अजून त्याचे पैसे मागतो.

म्हणून माझा क्रम असा आहे: नाव आपलं, प्रत आपली, आणि यंत्र भाड्याचं.

नाव म्हणजे डोमेन. ते तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या पैशांनी घ्या. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या खात्यात नको. आमच्याकडच्या एका वाचनालयाचं डोमेन असंच एका डिझायनरच्या नावावर होतं. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर जात राहिल्या आणि मुदत संपली. मग कुणीतरी ते नाव उचललं आणि शंभरीच्या घरातल्या वाचनालयाच्या पत्त्यावर रमीच्या जाहिराती झळकायला लागल्या. ते नाव आजतागायत परत मिळालेलं नाही. डॉट इन वर्षाला साधारण हजाराच्या आत-बाहेर पडतं. एकदम पाच वर्षांचं भरून टाका.

त्यात एक बारीक गोष्ट आहे आणि इथेच लोक हमखास अडकतात. रजिस्ट्रारच्या खात्याला जो ईमेल द्याल, तो त्याच डोमेनवरचा नसावा, आणि तुमचे फोटो, फोन, पासवर्ड ज्या खात्यात आहेत त्या खात्याचाही नसावा. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने २०२१ मध्ये आजारी लेकराचा फोटो डॉक्टरांसाठी काढला. तो आपोआप गूगलवर चढला आणि यंत्राने त्याला बाल अत्याचाराचं चित्र ठरवलं. खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. त्याचा मोबाइल नंबरही गूगलच्याच सेवेचा होता, त्यामुळे इतर खात्यांसाठी लागणारे कोडसुद्धा येईनात. किल्ली कपाटात आणि कपाट बंद. तुमचा ईमेल कुठे, नंबर कुणाचा आणि ओटीपी कुठे येतो, हे एका कागदावर बाण काढून बघा. बाण फिरून पहिल्या जागी आला तर तिथे कात्री लावा.

मग प्रत. तुम्ही सुमारे चार हजार फोटो आहेत म्हणालात. मूळ फाइल ३ एमबीची धरली तर सगळे मिळून १२ जीबी. आजच्या काळात ही चणे-फुटाण्यांची पुडी आहे. दोन बाह्य डिस्क घ्या. एक तुमच्याकडे राहील, दुसरी वेगळ्या गावी. त्याखेरीज एक प्रत सर्व्हरवर असेलच. दर सहा महिन्यांनी त्यातले दहा फोटो उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, आणि हे मी स्वतः मार खाऊन शिकलोय. मोडी कागदांसोबत तुम्ही दिलेलं लिप्यंतर, तारीख, कागद कुणाकडचा ही माहिती समाजमाध्यमाच्या कॅप्शनमध्येच राहिली असेल, तर ती पहिल्यांदा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवा. फोटो पुन्हा काढता येतो. ‘शिक्का उलटा उमटला आहे, पाटलांच्या मते हा १७६० नंतरचा’ अशी टीप पुन्हा आठवत नाही.

यंत्रासाठी महिना पाचशेएक रुपयांच्या आसपासचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या यंत्राचा भाड्याने मिळणारा एक हिस्सा, पुरेसा आहे. कंपनी भारतातली की परदेशातली, हे तुमच्या विषयाला फारसं महत्त्वाचं नाही. परदेशात सर्व्हर ठेवला म्हणजे कायदा लागू नाही, हा गैरसमज आहे. तुम्ही इथे राहता, तेवढं पुरतं. आणि भारतातल्या व्हीपीएसवाल्यांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाची खरी ओळख पाच वर्षं जपावी लागते. निनावी राहण्यासाठी करत असाल तर हे आधीच लक्षात घ्या.

साइट मात्र साधी ठेवा. साइट बनवायचं वर्डप्रेस हे साधन वाईट नाही, पण त्याला जोडलेलं प्लगइन, म्हणजे जादा सोयीचा तुकडा, जुनं झालं की कुणीतरी आत घुसतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘आमची साइट हॅक झाली’ या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं. तुमच्या साइटला लॉगिन, कार्ट, फॉर्म यातलं काहीच नको आहे. ह्यूगोसारख्या साधनाने तयार केलेली नुसती एचटीएमएल पानं, साइटसाठी ३०० केबीपर्यंत लहान केलेले फोटो आणि एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र. हे सगळं एका फोल्डरमध्ये मावतं. होस्टिंगवाल्याने उद्या हाकललं तर तोच फोल्डर दुसऱ्याकडे ठेवायचा आणि डोमेन वळवायचं. प्रतिक्रियांची सोय नकोच. जात, घराणं, इतिहास या विषयांवर लोक काय लिहितात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते तुमच्या दारात लिहिलं गेलं तर निस्तरायला तुम्हीच. फेसबुकवरच्या पोस्टवरून पालघरमध्ये २०१२ साली झालेल्या अटकेनंतर पेटलेल्या वादातून आयटी कायद्याचं ६६ अ कलम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं, पण बाकीची कलमं शाबूत आहेत.

मेलचा सर्व्हर स्वतः चालवायचा मोह होईल. नका चालवू. मी चालवतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक रविवार त्यात जातो. पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी बिनचूक लावल्या तरी शेजारच्या आयपीवरून कुणी कचरा पाठवला की तुमचंही पत्र स्पॅममध्ये. पैसे देऊन मेलसेवा घ्या, पण पत्ता आपल्या डोमेनवरचा ठेवा. सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो.

आता कटू भाग. ते ३८ हजार लोक तुमच्या मागे येणार नाहीत. पहिल्या वर्षी हजार आले तरी भरून पावलात असं समजा. पेज आपोआप डोळ्यांसमोर येत होतं, साइटवर मात्र वाट वाकडी करून यावं लागतं. त्यामुळे समाजमाध्यम सोडू नका असंच मी सांगेन. नवं पेज काढा, व्हिडिओ तिथेच ठेवा, कारण व्हिडिओ स्वतः वाहून न्यायचा खर्च आपल्याला झेपत नाही. फक्त उलटा क्रम लावा. लेख आधी साइटवर, मग त्याचा तुकडा आणि दुवा समाजमाध्यमावर. आणि वाचकाला साध्या ईमेलने नाव नोंदवता येईल असा पत्ता साइटवर ठेवा. दोनशे पत्त्यांची वही ३८ हजार फॉलोअरपेक्षा बरी, कारण ती उचलून नेता येते. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले, तेव्हा ज्या मंडळांकडे सभासदांचे पत्ते होते त्यांनी आठवड्यात दुसरीकडे बिऱ्हाड मांडलं. तिथे तर कुणी काही सेन्सॉर केलंच नव्हतं. कंपनीला कंटाळा आला, एवढंच.

शेवटी मला तुमच्याकडून एक गोष्ट कळायला हवी. त्या खोबळ्याच्या फोटोची मूळ फाइल कुठे आहे? तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की फोटो मोबाइलने काढला आणि थेट पेजवर टाकला. तसं असेल आणि तो मोबाइलमधूनही पुसला गेला असेल, तर मोबाइलमधलं कार्ड आताच काढून ठेवा, त्यावर नवीन काही साठवू नका. पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं, वर दुसरं लिहिलं गेलं की मिळत नाही.